.३२ रिव्हॉल्व्हर: साधी मार्क ३ घ्यावी, की जादा पैसे घालून निर्भीक किंवा प्रबल?

चंदेरी_हुपरी

नमस्कार मंडळी. आमचं हुपरीत चांदीचं काम आहे. माल घेऊन कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असं सारखं फिरणं असतं, कधी कधी पार सेलमपर्यंत. कलेक्टर ऑफिसातून .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हरचं लायसन्स मंजूर झालंय आणि तेव्हापासून घरात रोज तंटा सुरू आहे. वडील म्हणतात, कानपूरच्या सरकारी कारखान्याची साधी मार्क ३ घे, बास झालं. मेव्हणा म्हणतो, आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू, टायटॅनियमची निर्भीक घे, कमरेला असल्याचं कळतसुद्धा नाही. डीलर म्हणतो, आता प्रबल आलीय, बाकीचं विसरा.

साधी आणि भारी यांच्यातल्या फरकात पोराची वर्षाची फी भागंल. मग जादा पैसे नक्की कशाचे? गोळी तर तिन्हीत तीच. ज्यांनी प्रत्यक्ष हातात धरल्यात त्यांनीच सांगा. यूट्यूब बघून बघून डोकं आउट झालंय.

तांबडा_पांढरा

नाद खुळा! आम्ही इथं मोटरसायकलच्या लायसन्ससाठी हेलपाटे घालतोय आणि दादा रिव्हॉल्व्हरची चॉइस करत बसल्यात. मी भडंग घेऊन बसलोय. तुमचं चालू द्या.

सैनिकटाकळीकर

फौजेतून सुभेदार म्हणून आल्यावर बरीच वर्षं सुरक्षेच्या नोकरीत काढली. साधी मार्क ३ कमरेला असायची. निर्भीक एका दोस्ताची आहे, ती त्याच्या समोर नेमबाजीच्या रेंजवर चालवून बघितलीय. प्रबल फक्त दुकानात हाताळली, त्यामुळे तिच्याबद्दल तेवढंच बोलतो.

पहिली गोष्ट. मार्क ३ आणि निर्भीक या एकाच घरातल्या. कानपूरच्या .३२ चं मूळ इंग्रजांच्या वेब्ली मार्क ४ मध्ये आहे. वरचा खटका दाबला की बंदूक बिजागरीवर मधोमध मोडते, नळी खाली झुकते आणि सहाच्या सहा पुंगळ्या एकदम वर येतात. निर्भीकमध्येही तेच. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं ती काढली तेव्हा बातम्यांत मोठा गवगवा झाला, किंमत १,२२,३६० रुपये छापून आली होती. नवीन काय होतं, तर धातू. टायटॅनियम मिश्रधातूमुळं वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास आलं. वर मरून रंगाची, दागिन्यांच्या डबीसारखी पेटी. तुम्ही चांदीवाले, डब्या तुमच्याकडं पोत्यानं असतील.

प्रबल वेगळी आहे. १८ ऑगस्ट २०२३ ला आली. ही मधोमध मोडत नाही, काडतुसांचा सिलिंडर बाजूला उघडतो. कारखान्याचे आकडे: वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, पल्ला ५० मीटर. निर्भीकचा पल्ला १५ मीटर सांगतात. आता हे ५० आणि १५ वाचून गडबडू नका. तुमच्यावर जो हात टाकणार तो गाडीच्या दाराशी उभा असणार. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडली तर जीव कसा धोक्यात होता हे कोर्टात तुम्हालाच पटवून द्यावं लागेल.

आता वजन. दिवसभर कमरेला वागवायला निर्भीक सुखाची, यात वाद नाही. मेव्हणा खोटं बोलत नाही. पण चाप ओढला की हिशेब उलटा होतो. गोळी तीच, मागं बसणारा झटका पेलणारं वजन कमी. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस स्वभावानं गरीब, त्यामुळं मनगट दुखत वगैरे नाही. फक्त पहिल्या गोळीनंतर नळी जास्त उडते आणि नेम परत जागेवर यायला उशीर लागतो. साधी जड असल्यामुळं हातात मुकाट बसून राहते. म्हणजे जादा पैसे तुम्ही बाळगण्याच्या सोयीचे देताय. चालवताना तेच वजन हवंहवंसं वाटतं.

उद्यमनगर_टर्नर

सुभेदारसाहेबांनी बाकीचं सांगितलंय, मी धातूचं सांगतो, कारण किंमत तिथंच वाढते.

शिवाजी उद्यमनगरात आमच्याकडं मधी एका कंपनीचे टायटॅनियमचे नग आले होते, छोटंच काम. पोलाद कापताना निम्मी अधिक उष्णता चिपाबरोबर निघून जाते. टायटॅनियम उष्णता पुढं ढकलतच नाही, साध्या पोलादाच्या सातव्या हिश्श्याएवढीसुद्धा नाही. सगळी आग टूलच्या टोकावर बसते. वेग वाढवला की इन्सर्टची, म्हणजे टूलच्या पात्याची, धार गेली. वेग कमी ठेवला तर मशीनचा तास वाढला. वर धातूला लवचिकपणा जास्त, टूल आलं की मागं सरतो, टूल गेलं की पुढं येतो, मापात बसवताना ऑपरेटर रडकुंडीला. बारीक चीप पेटते ती वेगळीच, पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू तयार ठेवायची. एवढं करून हातात काय येतं, तर घनता ४.५. पोलादाची ७.८. बाकी सगळा खर्च या फरकाचा.

गंज धरत नाही हा मात्र खरा फायदा. आपल्याकडचा जून ते सप्टेंबर आणि कमरेचा घाम, दोन्ही पोलादाचे दुश्मन. पण आतल्या स्प्रिंगा पोलादाच्याच असणार की. "टायटॅनियम आहे, तेल कशाला" असं म्हणणारा माणूस आतून गंज पाळतो.

आणि एक. भारी घेतली काय, साधी घेतली काय, चाप हलका करून द्या, दस्ता घासून द्या असं म्हणत उद्यमनगरात कुणाच्या शेडवर जाऊ नका. दुरुस्तीलासुद्धा वेगळा परवाना लागतोय. चांगला कारागीर तुम्हाला दारातूनच परत पाठवील, आणि पाठवायलाच पाहिजे.

पंपावरची_ताई

हायवेला आमचा पेट्रोलपंप आहे. मिस्टरांचं आणि माझं अशी दोन वेगळी लायसन्स आहेत. निर्भीक "बायकांसाठी" म्हणून गाजवली होती, त्यामुळे जो तो मला तीच सुचवायचा. पर्समध्ये मावते म्हणे! दरोडेखोर पहिल्यांदा काय ओढतो? पर्स. म्हणजे रोकड पण गेली आणि हत्यार पण त्याच्याच हातात. बाळगायची तर अंगावर, नाहीतर ऑफिसच्या तिजोरीत कुलपात. मधली जागा नाही.

हलकी म्हणजे बायकांना सोपी, हे कुणी ठरवलं देव जाणे. घोडा (मागची हातोडी) मागं न ओढता नुसता चाप ओढायचा तर बोटाला भरपूर जोर लावावा लागतो. तो जोर रिव्हॉल्व्हरच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. माझं मनगट बारीक. मी चाप ओढला की हलकी रिव्हॉल्व्हर जागची हलायची, नळी खाली आणि डावीकडे. जड रिव्हॉल्व्हर त्याच बोटाला कमी दाद देते. दुकानात मी आधी बोट कुठं पोचतंय ते बघितलं. मूठ नीट धरून तर्जनीचं पहिलं पेर चापावर बसलं पाहिजे. टोक कसंबसं टेकत असेल तर ती रिव्हॉल्व्हर तुमची नाही, मग ती सोन्याची का असेना.

मी शेवटी साधीच घेतली. मिस्टरांनी निर्भीक घेतली, कारण त्यांना दिवसभर उभं राहायचं असतं आणि कंबरदुखी आहे. आमच्या घरात "बायकांची" रिव्हॉल्व्हर नवरा वापरतो.

तांबडा_पांढरा

ताई, एक नंबर. भडंग संपलं, दुसरं पाकीट फोडलंय.

बावड्याचा_वकील

दादा, तुम्ही निपाणी, बेळगाव लिहिलंय आणि सगळे वजनावर भांडत बसलेत. लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय ते आधी बघा. महाराष्ट्रापुरतं असेल तर कागल सोडून कोगनोळीला पोचलात की तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे झालात. हुपरीहून निपाणी म्हणजे आपल्याला शेजारचं गाव, पण राज्य बदलतं. आणि सेलम म्हणजे तर तमिळनाडू. क्षेत्र वाढवण्यासाठी अर्ज करता येतो, त्यात धंद्याचं कारण लेखी मांडा, जीएसटीची कागदं, बाहेरच्या राज्यांतली बिलं जोडा. हे होईपर्यंत हत्यार घरी ठेवून जायचं. माझ्या मते निर्भीक की प्रबल यापेक्षा या एका ओळीवर जास्त वेळ घालवा.

दुसरं, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं. पूर्वी तीन चालायची. लायसन्सची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. वडिलोपार्जित बाराबोअर तुमच्या नावावर असेल तर हिशेबात धरा.

तिसरं, हे मेव्हण्यासाठी. वरातीत, वाढदिवसाला, मॅच जिंकल्यावर हवेत बार काढला तर त्याच दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वस्तू जितकी देखणी तितकी ती लग्नात कुणाला तरी दाखवायची हुक्की येते. माझ्याकडं येणाऱ्या प्रकरणांत गोळी मारलेले कमी आणि मिरवलेले जास्त असतात.

चंदेरी_हुपरी

वकीलसाहेब, आत्ता काढून बघितलं. महाराष्ट्रच लिहिलंय. उद्याच अर्जाचं बघतो. मेव्हण्याला धागा पाठवलाय, त्यानं फक्त अंगठा दाखवलाय.

गगनबावडा_१०१

माझं पण रानात घर आहे. गवे येतात, परवा बिबट्या दिसला. मग निर्भीक बरी का प्रबल?

सैनिकटाकळीकर

कुठलीच नाही. गव्याला .३२ मारणं म्हणजे त्याला चिडवणं. शिवाय गवा आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याला फोन करा.

संपादक

शेतीसंरक्षणाचा विषय वेगळ्या धाग्यावर काढा. इथं .३२ वरच राहू.

गुजरी_सीए

भावाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. २०१४ चा निर्भीकचा आकडा आता फक्त इतिहासासाठी. आजचा भाव डीलरकडून लेखी घ्या आणि त्यात कर धरलाय का ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झालाय. यॉट, खासगी विमान, त्या पंगतीत बसवलंय आपल्याला. मूळ किंमत एक लाख धरली तर पूर्वी १,२८,००० पडायचे, आता १,४०,०००.

यातली मेख अशी की साधी आणि भारी यांच्या मूळ किमतीत समजा ५० हजारांचा फरक असला तर तुमच्या खिशातून जाणार ७० हजार. हौसेवरचा करसुद्धा हौसेच्या प्रमाणात.

पंपावरची_ताई

बघा! आम्ही वेळेत घेतल्या म्हणायच्या.

रंकाळा_९एमएम

सगळे रिव्हॉल्व्हरच का सांगताय? सरकारी ऑर्डनन्स कारखान्याचंच अशनी पिस्तूल आहे की. चपटं, शर्टाखाली दिसत नाही, आठ गोळ्या. सिलिंडरचा फुगवटा पोटाला टोचत नाही. लपवून बाळगायला पिस्तुलासारखं काही नाही. नाव ९एमएम असलं तरी माझ्याकडं ९एमएम नाही हां, ते आपल्याकडं प्रतिबंधित बोअर, साध्या माणसाला मिळत नाही. नाहीतर वकीलसाहेब घरी यायचे.

सैनिकटाकळीकर

चपटं आहे, मान्य. पण रोज सराव नसलेल्या व्यापाऱ्याला मी पिस्तूल सांगणार नाही. पिस्तुलात काडतूस अडकलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून मोकळं करायचं असतं, आणि हात थरथरत असताना ते जमायला अंगवळण लागतं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढा, सिलिंडरमधलं काडतुसाचं पुढचं घर समोर येतं. एका जुन्या पिस्तुलानं, कुणाचं ते सांगत नाही, रेंजवर मला पुरता घाम फोडला होता. समोर कागदाचं टार्गेट होतं म्हणून निभावलं.

आणि दादा, पिस्तुलाकडं वळलात तर काडतूस बदलतं हे लक्षात ठेवा. दोन्हीला लोक .३२ म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं लाँग, बुडाला रुंद काठ असलेलं, पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटरचं, आखूड. एकमेकांत चालत नाहीत. दुकानात घाईत चुकीचं पाकीट हातात पडतं. बुडावर केएफ दिसलं की समजायचं आपल्या पुण्याच्या खडकीच्या कारखान्याचा माल.

आता जे कुणी सांगत नाही ते. भारी घ्या नाहीतर साधी, दुकानात पेटीतून निघालेली पहिलीच घेऊन यायचं नाही. एकाच मॉडेलच्या दोन-तीन मागवा. रिकामी आहे हे स्वतः सहाही घरांत डोकावून बघा. मग डीलरची परवानगी घेऊन घोडा अगदी सावकाश मागं ओढा. घोडा पूर्ण मागं अडकायच्या आत किंवा अडकताना सिलिंडर टक् करून जागेवर बसला पाहिजे. असं सहाही घरांवर करा, एखादं घर आळशी निघतं. घोडा ओढलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून बघा. केसभर हालचाल चालते, खडखड चालत नाही. मोडणारी असेल तर नळी धरून वरचा खटका तपासा, बंद असताना बिजागरीत खेळ नको. ही बिजागरी आणि खटका म्हणजे मार्क ३ आणि निर्भीक दोन्हींचा कळीचा सांधा, वर्षानुवर्षं फटाफट उघडझाप करून तिथंच ढिलाई येते. सिनेमात बघून मनगटाच्या झटक्यानं बंद करणाऱ्याला मी माझ्या रिव्हॉल्व्हरला हात लावू देत नाही. प्रबलचा सिलिंडर बाजूला उघडत असल्यामुळं तिची चौकट अखंड राहते. तिला जादा पैसे द्यायचंच झालं तर मी या अखंड चौकटीसाठी देईन.

उद्यमनगर_टर्नर

बरोब्बर. बिजागरीवर मोडणारी रचना आणि बंद चौकट यात मशीनवाला कधीही बंद चौकट घेईल. टायटॅनियमनं वजन घटतं, सांध्याचा सांधेपणा जात नाही.

रंकाळा_९एमएम

म्हणजे सरळ सांगा ना, निर्भीक म्हणजे साधीच, भारी कपड्यातली?

सैनिकटाकळीकर

तसं नाही. उभ्यानं बारा तास काढणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळी कळतो. ताईंच्या मिस्टरांना विचारा. गाडीत बसून फिरणाऱ्याला तो फरक कळायचं कारण नाही. हुपरीकर दादा गाडीत असतात, एवढंच माझं म्हणणं.

होल्स्टरचंही सांगून टाकतो. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपलांचे कारागीर आहेत, मापावर उत्तम शिवून देतात, बाजारातल्या नायलॉनपेक्षा शंभर पटीनं बरं. खटका झाकला जाईल आणि चापात बाहेरून बोट जाणार नाही असं शिवून घ्या. मात्र साल-हिरड्यात कमावलेलं कातडं ओल धरतं. रात्री रिव्हॉल्व्हर त्यातून काढून, पुसून, तेलाचा हात फिरवून तिजोरीत. काडतुसंसुद्धा कातडी पट्ट्यात महिनोन् महिने खोचून ठेवायची नाहीत, पितळेवर हिरवट थर चढतो आणि मग ऐनवेळी घरात अडकतात. पावसाळ्यात तर रोज बघायचं.

पंपावरची_ताई

सरावाचं पण लिहा. दुधाळीची नेमबाजीची रेंज आपल्याकडं कोल्हापुरात आहे म्हणून लोकांना वाटतं .३२ घेऊन गेलं की झालं. तिथं पोरं-पोरी खेळाचा सराव करतात. विचारून, परवानगी घेऊनच काय ते. मी घरी डमी काडतुसं घालून भिंतीकडं तोंड करून चाप ओढायचा सराव करते. खरी काडतुसं तेव्हा त्या खोलीतसुद्धा ठेवत नाही. सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र तर घ्यायचंच, पण शिकवणाऱ्यांकडून तेवढ्यात जास्तीत जास्त काढून घ्या. दोन रिव्हॉल्व्हरमधल्या फरकाचे पैसे मी काडतुसांवर आणि शिकण्यावर घालवले, मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

चंदेरी_हुपरी

सगळ्यांचे आभार. काल वडिलांना घेऊन डीलरकडं जाऊन आलो. तिन्ही हातात धरल्या. निर्भीक उचलली आणि खरं सांगू, मन फिरलं होतं. इतकी हलकी आहे. मग ताईंनी सांगितलं तसं मूठ धरून बोट बघितलं. माझा पंजा मोठा, निर्भीक आणि मार्क ३ वर बोट चापाच्या पार पलीकडं जातंय, प्रबलवर नीट पेर बसतंय. वडिलांचं मत अजून मार्क ३ च. डीलरनं सुभेदारसाहेबांनी लिहिलेली तपासणी करताना बघून विचारलं, फौजेत होता काय?

निर्भीक बाद. प्रबल आणि मार्क ३ यात प्रबलकडं झुकतोय, पण लायसन्सचं क्षेत्र वाढून आल्याशिवाय पैसे भरणार नाही. वकीलसाहेब, शेवटचं एकच. निवडणूक लागली की शस्त्र जमा करायला लागतं म्हणतात. भारी वस्तू पोलीस ठाण्याच्या खोलीत पडून राहिली तर?

बावड्याचा_वकील

सरसकट सगळ्यांची जमा करत नाहीत. छाननी समिती असते, ती नावं ठरवते. नोटीस आली तर रोकड आणि चांदीची वाहतूक करता याचे पुरावे जोडून सूट मागा, मिळते किंवा मिळत नाही. जमा करावंच लागलं तर रिकामी करून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून, कातडी होल्स्टरशिवाय द्या. पावतीवर नंबर, मॉडेल आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, स्थिती कशी आहे तेही. परत घेताना त्याच पावतीवर तिथंच तपासून सही करा. प्रबल असो वा मार्क ३, पावती सारखीच.

तांबडा_पांढरा

दादा, मेव्हण्याचं काय म्हणणं पडलं?

चंदेरी_हुपरी

तो आता स्वतःच्या लायसन्सचा अर्ज भरतोय. निर्भीकसाठी.